सांगलीतला रविवारचा ‘भारत आणि शेजारी देश’ वर्ग: जावं का? माझं उत्तर, जावंच

विश्रामबागेत रविवारी सकाळी ‘भारत आणि शेजारी देश’ असा एक वर्ग चालतो, दोन महिन्यांची बॅच, फी २,४०० रुपये, शिकवणारे सर राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आमची बॅच नुकतीच संपली आणि तेव्हापासून व्हॉट्सअपवर बरेच जण विचारायलेत की कसा आहे, एमपीएससीला उपयोग होतो का, एवढी फी द्यावी का, म्हणून म्हणलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकू. माझं मत आधीच सांगतो, लै चांगला वर्ग आहे, जा. त्रुटी आहेत आणि त्या खाली लिहितोय, पण टीव्हीवर शेजाऱ्यांच्या बातम्या बघून ज्याचं डोकं तापतं त्या प्रत्येकाने एकदा तिथे जाऊन बसावं असं मला मनापासून वाटतं.

हॉलमध्ये निम्मी पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेची असतात. बाकी बँकेतून रिटायर झालेले काका, मिरजेच्या एक नर्स ताई, मार्केट यार्डातले एक हळदीचे अडते, साताऱ्याकडून एसटीने येणारे एक निवृत्त सुभेदार, आणि माझ्यासारखे शेतीवाले. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, आणि बांगलादेशाने द्राक्षावर ड्युटी वाढवली की आमच्याकडे दर कसा बसतो हे लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या लोकांचा विषय असं मला कधी वाटलंच नाही. पण ते बनतं कसं, एखादा देश शेजाऱ्याशी असाच का वागतो, हे कुणी नीट बसवून सांगितलं नव्हतं.

पहिल्या रविवारी सरांनी व्याख्या-बिख्या काही दिलीच नाही. भिंतीवर दक्षिण आशियाचा मोठा नकाशा लावला आणि म्हणले, सार्कमधले, म्हणजे दक्षिण आशियाच्या संघटनेतले, आठ देश दाखवा आणि कोणाची हद्द कोणाला लागते ते सांगा. दहा मिनिटं सगळे नकाशापुढे गर्दी करून उभे. आणि मग लक्षात येतं की पाकिस्तान-अफगाणिस्तान ही जोडी सोडली तर सार्कमधल्या बाकीच्या देशांची जमिनीवरची हद्द एकमेकांना लागतच नाही, लागते ती आपल्याला. बांगलादेशाशी आपली ४,०९६ किलोमीटर, पाकिस्तानशी ३,३२३, नेपाळशी १,७५१, भूतानशी ६९९. श्रीलंका आणि मालदीव समुद्रापलीकडे, पण त्यांनाही जवळचा मोठा देश म्हणजे आपणच. सार्कबाहेरचे चीन ३,४८८ आणि म्यानमार १,६४३ वेगळेच.

सरांचं म्हणणं असं की हा नकाशा डोक्यात बसला की निम्मा राग तिथेच उतरतो. कारण काठमांडूत, ढाक्यात, कोलंबोत, मालेत निवडणूक लागली की भारत हा मुद्दा येणारच, टाळता येत नाही, आणि आपल्याकडे मात्र सांगलीच्या प्रचारसभेत नेपाळचं नाव कुणी काढत नाही. आपल्याला ते वर्षातून एकदा आठवतात, त्यांना आपण रोज दिसतो. मालदीवचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले ते ‘इंडिया आउट’च्या हवेवर, भारतीय सैनिकांना मे २०२४ पर्यंत परत पाठवलं, आपल्याकडे सोशल मीडियावर बहिष्काराचा धुरळा उडाला, आणि त्याच २०२४ च्या ऑक्टोबरात हेच मुइझ्झू दिल्लीत येऊन ४० कोटी डॉलरची आणि शिवाय ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय घेऊन गेले. जुलै २०२५ ला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला आपले पंतप्रधान पाहुणे. प्रचारात बोललेली विचारसरणी आणि तिजोरी रिकामी झाल्यावर करायचा कारभार यात किती अंतर असतं ते या एका उदाहरणात समजलं.

दुसऱ्या रविवारी ‘सामरिक संस्कृती’ हा विषय, आणि इथे पोरं जरा कंटाळली, मला मात्र हा भाग फार आवडला. १९७७ साली जॅक स्नायडर या अमेरिकन अभ्यासकाने सोव्हिएत युनियनच्या अणुयुद्धाच्या विचाराबद्दल लिहिताना ही कल्पना मांडली. तोवर अमेरिकेत बरेच जण असं धरून चालायचे की रशियन सेनापती पण आपल्यासारखंच गणित मांडणार. स्नायडरचं म्हणणं, नाही, त्यांचा इतिहास वेगळा, सैन्याची घडण वेगळी, ते वेगळंच गणित मांडतील. म्हणजे देशाला पूर्वी कुठून मार बसला, कोण मदतीला आलं, कोण नाही आलं, या आठवणी सैन्यात, परराष्ट्र खात्यात, शाळेच्या पुस्तकात मुरतात आणि मग नवा प्रसंग आला की समोर दहा रस्ते असले तरी त्या देशाच्या पुढाऱ्याला दोनच दिसतात. सरांनी हे पुन्हा पुन्हा बजावलं की हा काही लोकांचा जन्मजात स्वभाव नव्हे. ‘नेपाळी असेच’, ‘बांगलादेशी तसलेच’ असं वर्गात कुणी बोललं की ते तिथल्या तिथे थांबवायचे आणि विचारायचे, कोणत्या साली, कोणत्या सरकारने, काय केलं ते सांगा. सुरुवातीला लोक नाराज व्हायचे. नंतर नंतर आपोआप साल सांगूनच बोलायला लागले, बँकेवाले काका सुद्धा.

कौटिल्याचा भाग झकास झाला. मंडल सिद्धांत आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो, हद्दीला लागून असलेला राजा शत्रू आणि त्याच्या पलीकडचा मित्र, आणि टीव्हीवरचे तज्ज्ञ तो भारत-पाकिस्तान-अफगाणिस्तानला झटकन लावून मोकळे होतात. सरांनी एकच गोष्ट पुढे ठेवली. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथाची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्रींच्या हाती लागली ती १९०५ साली आणि छापून आली १९०९ ला. त्याआधी कित्येक शतकं तो ग्रंथ कुणाच्या वाचनात नव्हता. मग दोन हजार वर्षं आपण कौटिल्याच्या विचाराने चाललोय असं म्हणायचं कशाच्या जोरावर? त्यावर एका पोराने लगेच पंचतंत्र काढलं, की ग्रंथ हरवला तरी विचार गोष्टींमधून लोकांच्यात जिवंत राहिलाच की. सरांनी ते मान्य केलं. असली चर्चा सांगलीत रविवारी सकाळी होते याचाच मला आनंद वाटला.

आणि आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेलं, आपण शाळेत गड-किल्ल्यांच्या संदर्भात त्याचं नाव ऐकतो, पण त्यात टोपीकरांबद्दल म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांबद्दल जे आहे ते फार कमी लोकांना माहीत असतं. त्याचं सार असं, की बाकीचे सावकार राज्याची शोभा, पण हे टोपीकर नुसते व्यापारी नव्हेत, यांच्या पाठीमागे यांचे राजे आहेत, तेव्हा यांना समुद्रकाठी जागा देऊ नका. राजाराम महाराज जिंजीला असताना ज्या माणसाने इकडे मोगलांशी लढत राज्य तगवलं त्याचा हा सल्ला. मी वर्गातच म्हणलं, सर, हे वाचून हंबनटोटाच आठवतं, श्रीलंकेने २०१७ ला ते बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या कराराने दिलं तेव्हा दिल्लीला हीच काळजी. सर म्हणले काळजी तीच आहे हे खरं, पण दिल्लीच्या अधिकाऱ्याने आज्ञापत्र वाचून ती काळजी केली नाही, सारख्या जागी बसलेल्या माणसाला सारखी भीती वाटते, ती संस्कृतीमुळे की भूगोलामुळे हे दर वेळी तपासून घ्यायचं. हे मला पटलं आणि नाही पण पटलं, त्यावर चहाच्या वेळेत आमचं बरंच झालं.

आता नेपाळचा रविवार. फक्त या एका सत्रासाठी फी दिली असती तरी चाललं असतं.

सरांनी वर्गाचे दोन भाग केले. खिडकीकडचे दिल्ली, दाराकडचे काठमांडू. साल २०१५. दोन्हीकडे एक एक कागद दिला आणि त्यावर फक्त त्या-त्या सरकारला जे माहीत होतं तेवढंच लिहिलेलं. एप्रिलात नेपाळमध्ये मोठा भूकंप झालाय, २० सप्टेंबरला त्यांनी नवी राज्यघटना जाहीर केलीय, तराईतले, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातले, मधेशी नाराज आहेत, सीमेवर आंदोलन सुरू झालंय, आणि बिहारच्या हद्दीवर रक्सौलला पेट्रोल-गॅसच्या गाड्या अडकल्यात. आम्ही दिल्लीवाले. आमचं म्हणणं सोपं होतं, बिहारला लागून अशांतता नको, मधेशींचे नातेवाईक आमच्या हद्दीत आहेत, घटना सगळ्यांना घेऊन करा. मी तावातावाने बोललो, भूकंपात सगळ्यात आधी मदत घेऊन कोण आलं ते पण विचारलं. मग काठमांडूच्या बाजूने जतची एक मुलगी उठली, ती अभ्यासिकेत राहून परीक्षेची तयारी करते, आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, आमची घटना आमच्या निवडून आलेल्या सभेने केली, तुमचा दूत येऊन शेवटच्या क्षणी थांबवा म्हणतो. तुम्ही म्हणता आम्ही नाकाबंदी केली नाही, पण माझ्या घरात गॅस नाही, हिवाळा तोंडावर आहे, आणि भूकंपात घर पडलेली माणसं ताडपत्रीखाली आहेत. माझ्या देशाला घडवणाऱ्या पृथ्वीनारायण शाहांनी अडीचशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की हा देश दोन दगडांमधला कंद आहे. एका दगडाने दाबलं तर मी दुसऱ्याकडे सरकणार नाही तर काय करणार?

आमच्या बाजूला कुणाला काही सुचलं नाही. हळदीचे अडते हळूच म्हणले, गिऱ्हाईकाला माल अडवून वठणीवर आणता येत नाही, तो दुसरी पेढी बघतो. आणि झालं पण तसंच, मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी वाहतुकीचा करार करून त्यांच्या बंदरांमधून माल आणायची परवानगी मिळवली. प्रत्यक्षात हिमालय ओलांडून माल आणणं महाग आणि अवघड आहे, नेपाळचा बहुतेक व्यापार अजून भारतातूनच होतो, पण काठमांडूत त्या करारामुळे जो सूर लागला तो आजही ऐकू येतो. सरांनी मग १९५० चा मैत्री करार काढला, ३१ जुलै १९५०, राणा राजवटीच्या शेवटच्या महिन्यांत झालेला, आणि एक एक कलम घेऊन विचारलं की हे दिल्लीतून कसं दिसतं आणि काठमांडूतून कसं. आपल्याला वाटतं केवढी मोठी सवलत दिलीय, त्यांचे लोक आपल्याकडे येऊन राहतात, काम करतात, जमीन घेतात. त्यांना वाटतं शस्त्र आणायला सुद्धा शेजाऱ्याला विचारायचं म्हणजे आपण स्वतंत्र कसले. भूतानने हाच विषय भांडण न करता २००७ च्या नव्या करारात सोडवून घेतला, १९४९ च्या करारातलं परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालायचं कलम काढलं. दोघेही हिमालयातले, दोघेही आपल्या आणि चीनच्या मधले, पण रीत वेगळी. ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून शिकवणं मला फार भारी वाटलं.

विचारसरणीचा रविवार पण चांगला होता, फक्त तिथे माझं सरांशी पटलं नाही. सरांचा मुद्दा, विचारसरणी बोलायला असते, हद्द आणि भीती खरी असते. त्यांनी उदाहरणं जोरदार दिली. पाकिस्तान १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत आला तेव्हा विरोधात मत देणारा एकमेव देश कोण, तर अफगाणिस्तान, मुसलमान शेजारी, कारण १८९३ ची ड्युरँड रेषा, म्हणजे या दोघांमधली हद्द, त्यांना मान्य नव्हती. आज काबूलमध्ये तालिबान आहे तरी ती रेषा मान्य नाहीच. चीन आणि व्हिएतनाम दोघे कम्युनिस्ट, आणि १९७९ च्या फेब्रुवारीत चिनी फौजा व्हिएतनाममध्ये घुसल्या. इराण म्हणजे इस्लामी क्रांतीचं सरकार, पण शिया बहुसंख्य अझरबैजान आणि ख्रिश्चन आर्मेनिया यांच्या भांडणात इराणचे संबंध आर्मेनियाशी जास्त जवळचे राहिले. आपणही त्यातलेच, १९८८ ला म्यानमारमध्ये लोकशाहीसाठी आंदोलन झालं तेव्हा आपण त्यांच्या बाजूने उभे राहिलो, आणि नव्वदीच्या दशकात ईशान्येतले बंडखोर आणि चीनचा तिथला वावर बघून लष्करी सरकारशी बोलायला लागलो.

हे सगळं खरंय. तरी विचारसरणी म्हणजे नुसतं पांघरूण असं म्हणणं मला अपुरं वाटतं. पाकिस्तानच्या सैन्याने स्वतःला भूमीबरोबर विचारसरणीचा पण रखवालदार मानलं, म्हणून तिथे निवडून आलेल्या सरकारने भारताशी बोलायला हात पुढे केला की तो मागे ओढला जातो, १९९९ च्या फेब्रुवारीत लाहोरला बस गेली आणि काही महिन्यांत कारगिल झालं. तिथे विचारसरणी संस्थेत मुरलीय, ती फक्त बोलायला नाही. आणि आपल्या बाजूने पण बघायला पाहिजे. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला तेव्हा बांगलादेशच्या दोन मंत्र्यांनी भारत दौरे रद्द केले. २०२३ ला नव्या संसद भवनातल्या भित्तिचित्रावरून नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तानात आवाज उठला, आपल्या परराष्ट्र खात्याने हे अशोकाच्या साम्राज्याचं चित्र आहे असं स्पष्टीकरण दिलं. आपण घरात घरच्यांसाठी जे बोलतो ते भिंतीपलीकडे ऐकू जातं आणि तिथला विरोधी पक्ष ते जपून ठेवतो. मी हे वर्गात मांडलं तेव्हा दोघे-तिघे चिडले, पण सरांनी मला पूर्ण बोलू दिलं, आणि मग चिडलेल्यांनाही पूर्ण बोलू दिलं. आजकाल असं ठिकाण कुठे आहे सांगा. एकाच खोलीत वेगवेगळ्या पक्षांची माणसं शेजारी देशांबद्दल बोलताहेत आणि कुणी कुणाला देशद्रोही म्हणत नाही, या एका गोष्टीसाठी मी सरांना दंडवत घालतो.

श्रीलंकेच्या सत्राबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते शब्दांत नीट येत नाही. जुलै १९८७ चा भारत-श्रीलंका करार, तिथे जाऊन तमिळ बंडखोरांशी लढलेली आपली शांतिसेना, आणि मार्च १९९० मध्ये परत. सुमारे १,२०० जवान गेले. सर हे सांगत असताना सुभेदार काका उठले आणि म्हणले, उतरलो तेव्हा लोकांनी हार घातले आणि निघालो तेव्हा दोन्हीकडचे लोक तोंड फिरवून होते, कशासाठी गेलो होतो ते आम्हाला नीट कुणी सांगितलं नव्हतं. बसले. सरांनी पुढचं पाच मिनिटं काही शिकवलं नाही. नंतर मात्र त्यांनी जे जोडलं ते महत्त्वाचं, की २००९ मध्ये श्रीलंकेचं युद्ध संपताना दिल्लीने फौज का पाठवली नाही, आणि २०२२ ला तिथे पैसा संपला, पेट्रोलपंपावर रांगा लागल्या, तेव्हा सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत का केली, हे ती आठवण काढल्याशिवाय समजत नाही. सामरिक संस्कृती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार यशवंतराव चव्हाणांची. अहो, त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे आपल्या सांगली जिल्ह्यात, आणि १९६२ च्या नोव्हेंबरात चीनने मार दिलेला असताना संरक्षण खातं ज्या माणसाच्या हातात दिलं, ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे ज्याच्याबद्दल आजही घराघरांत बोलतात, तो माणूस १९७४ ते १९७७ परराष्ट्रमंत्री पण होता. याच काळात, १९७६ मध्ये, भारत आणि चीनने पुन्हा एकमेकांकडे राजदूत पाठवले आणि के. आर. नारायणन पेकिंगला, म्हणजे आताच्या बीजिंगला, गेले. म्हणजे हरल्यानंतर फौज उभी करायला जो गेला तोच पुढे त्याच शेजाऱ्याशी बोलणी परत सुरू करणाऱ्या सरकारचा परराष्ट्रमंत्री. आठवण आणि धोरण यांचा संबंध शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं? आणि अख्ख्या बॅचमध्ये त्यांना दोन वाक्यं. मी हे सरांना बोललो, त्यांनी वेळ पुरत नाही म्हणून सांगितलं. वेळ काढा सर. सांगलीतल्या पोरांना हे सांगलीत नाही कळणार तर कुठे कळणार.

दुसरी तक्रार व्यापाराची. नकाशा, करार, फौजा सगळं आलं, पण बांगलादेश हद्दीवरच्या पेट्रापोलच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली की माल कसा सडतो, समोरचा देश ड्युटी का वाढवतो, त्यांच्या घरात डॉलरची टंचाई असते की कुणाला राजकीय संदेश द्यायचा असतो, यावर काहीच नाही. ऑगस्ट २०२४ ला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना ढाक्यातून निघून भारतात आल्या तेव्हा आमच्या भागात पहिला प्रश्न होता, पुढच्या सीझनला माल जाणार का. सरांनी हसीनांच्या बाबतीत स्पष्ट सांगितलं की दिल्लीने एकाच पक्षावर सगळी भिस्त ठेवली आणि देश मोठा असून एका घराण्यापुरता बघितला. हे चांगलं सांगितलं. पण त्याचा हिशोब द्राक्षाच्या पेटीपर्यंत आणून दाखवला असता तर मागच्या बाकावरचे आमचे शेतकरी भाऊ मधेच उठून गेले नसते.

बाकी सोयीचं म्हणाल तर हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वयस्कर लोकांना त्रास होतो. नोट्स झेरॉक्सच्या, त्यातले नकाशे काळेकुट्ट येतात, हद्द कुठली नदी कुठली ओळखू येत नाही, आणि ज्या वर्गाचा सगळा जीव नकाशात आहे तिथे हे चालत नाही, रंगीत पीडीएफ तरी पाठवा. रेकॉर्डिंग मिळत नाही, एखादा रविवार बुडाला की बुडाला, लग्नसराईत फार अडचण होते. चहा मिळतो, चांगला असतो. परीक्षावाल्यांना एवढंच सांगतो, इथे वस्तुनिष्ठ प्रश्नांचा सराव घेत नाहीत, त्यासाठी येऊ नका, पण मुख्य परीक्षेचं उत्तर कसं उभं करायचं आणि मुलाखतीत नेपाळवर प्रश्न आला तर दोन्ही बाजू कशा मांडायच्या, याचं वळण इथे लागतं. जतच्या त्या मुलीला मी विचारलं तर ती म्हणाली की पाठ करायचं निम्मं कमी झालं. शेतकरी, व्यापारी, माजी सैनिक, शिक्षक यांनी तर बिनधास्त या.

शेवटचा रविवार पाण्याचा होता आणि तो घाईत उरकला, ही माझी तिसरी आणि खरी कळकळीची तक्रार. कारण सुरुवात एवढी भारी केली होती. सरांनी विचारलं, २०१९ चा पूर कुणी बघितला? सगळे हात वर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलेलं. का आला पूर? अख्खा वर्ग एका सुरात, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण, अलमट्टी! मग ते म्हणले, पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराचं कारण अलमट्टी नाही असं सांगितलं, पटतं का? कुणालाच पटलं नाही, मला पण नाही, आणि कर्नाटक अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटरवर नेतो म्हणलं की आजही इथे मोर्चा निघतो. सर म्हणले, एका देशातली दोन राज्यं, एकच संविधान, एकच सर्वोच्च न्यायालय, तरी तुमचा विश्वास बसत नाही, मग गंगेवरच्या आपल्या फरक्का धरणाबद्दल बांगलादेशातल्या राजशाहीच्या शेतकऱ्याचा दिल्लीवर कसा बसेल? १९७५ ला फरक्का सुरू झालं, १६ मे १९७६ ला तिथले पुढारी मौलाना भाशानींनी तिकडे मोर्चा नेला, आणि तो दिवस बांगलादेशात अजून फरक्का दिन म्हणून पाळतात.

इतकं सांगून झालं आणि घड्याळ बघून गंगा करार, तिस्ता, सिंधू करार सगळं वीस मिनिटांत संपवलं. बांगलादेशात जाणाऱ्या तिस्ता नदीच्या पाण्याचा करार २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी शेवटच्या क्षणी हात काढून घेतल्याने अडला, म्हणजे परराष्ट्र धोरणात राज्याचं राजकारण कसं घुसतं याचं हे पक्कं उदाहरण, त्यावर एक प्रश्न सुद्धा घेतला नाही. सिंधू करार १९६० चा, दोन युद्धं आणि कारगिल होऊनही टिकलेला, एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने स्थगित ठेवला, त्यावर दोन मिनिटं. आणि गंगा पाणीवाटपाचा करार १२ डिसेंबर १९९६ चा आहे, तीस वर्षांचा, म्हणजे मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत. सर, पुढच्या बॅचला पाण्याला दोन पूर्ण रविवार द्या, त्यातला एक नेपाळसारखा खेळवा, अर्धा वर्ग दिल्ली आणि अर्धा ढाका, आणि या वेळी मला ढाक्याच्या बाजूला बसवा, मी परत फी भरायला तयार आहे.